पहिले क्लॅरिनेट घेताना

आमच्या मुलीने अकराव्या वर्षी क्लॅरिनेटचा हट्ट धरला तेव्हा पहिला विरोध केला तो आमच्या वडिलांनी. गावकीत त्यांनी पिढीजात वाजविले होते. लग्न दुसऱ्याचे, वाजवायचे यांनी आणि जेवायचे मांडवाबाहेर. "जे सोडायला आम्हाला अर्धे आयुष्य लागले, ते पोरीच्या हाती कशाला देता?" हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. लादलेले वाजविणे वेगळे आणि आपल्या आवडीने, सुरांचे शास्त्र समजून शिकणे वेगळे, असे आम्ही त्यांना सांगितले. पटले असे नाही. ते गप्प बसले एवढेच.

पुढे आम्ही जी चूक केली ती इतर पालकांनी करू नये म्हणून हे लिहीत आहोत. एका मोडलेल्या बँडचे काळ्या लाकडाचे जुने वाद्य स्वस्तात मिळाले, ते आम्ही घेतले. दिसायला सुबक. मुलगी दोन महिने मेहनत करीत राहिली, पण पेटीशी सूर काही जुळेना. आपलेच कान खराब, असे समजून एके दिवशी तिने वाद्य कपाटात ठेवून दिले. शेवटी एका जाणत्या बँडवाल्याने ते उलटसुलट करून नळीवरचा 'एच. पी.' हा शिक्का दाखविला. हाय पिच! पूर्वी ब्रिटिश लष्करी बँडचा स्वर आजच्यापेक्षा चढा असे. 'ए' हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा. आज तो ४४० धरतात. १९३९ च्या लंडन परिषदेत हे प्रमाण मान्य झाले. नेहमीचे क्लॅरिनेट बी-फ्लॅटचे, म्हणजे आपली काळी पाच. आमचे मात्र काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्येच कुठेतरी बोलत होते. सांधा ओढून लांबी वाढविली तर काही स्वर उतरतात, बाकीचे बिघडतात. दोष पोरीचा नव्हता, आमच्या काटकसरीचा होता.

तेव्हा जुने घ्यायचे तर आधी शिक्का पाहा आणि शिकविणाऱ्याला सोबत न्या. जुन्या वाद्यांत अल्बर्ट पद्धतीच्या चाव्या आढळतात. आजची बहुतेक पुस्तके बोएम पद्धतीची, सतरा चाव्या आणि सहा कड्यांची. ही रचना पॅरिसमध्ये क्लोझे आणि ब्युफे यांनी १८४० च्या सुमारास सिद्ध केली. गुरू एका पद्धतीचा आणि वाद्य दुसऱ्या पद्धतीचे असेल तर मुलाची बोटे गोंधळतात. चाव्यांखालच्या गाद्या नीट बसतात की नाही हेही तपासावे. वरचा अर्धा भाग सुटा करून छिद्रे बोटांनी झाका, खालचे तोंड तळहाताने बंद करा आणि वरून हवा ओढा. ओढ काही क्षण टिकली तर ठीक. लगेच सुटली तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.

नवे घेणार असाल तर प्लॅस्टिकच्या वाद्याला नाक मुरडू नका. यामाहाचे २५५ हे विद्यार्थ्यांचे क्लॅरिनेट त्याच जातीचे आहे. लाकडाचा आवाज गोड खरा, पण ऊन आणि ओल यांच्या फेऱ्यात लाकूड तडकते. एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीत वाजवायचे असेल तर आम्ही प्लॅस्टिकच सुचवू.

मुलाची बोटे छिद्रे पुरती झाकतात का आणि उजवा अंगठा वजन पेलतो का, हे दुकानातच पाहावे. रीड सुरुवातीला दोन किंवा अडीच नंबरची घ्यावी. ती झिजते, चिरते. एकावर भागत नाही, हे आधीच ध्यानात ठेवलेले बरे. बासरी वाजविणाऱ्या मुलांना आणखी एक गंमत सांगावी लागते. बासरीत जोर वाढविला की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटमध्ये मागची चावी दाबली की 'सा'चा थेट तार सप्तकातला 'प' होतो. त्यामुळे खालची बोटे वर तशीच चालत नाहीत.

आमच्या घरी शेवटी प्लॅस्टिकचे आले. वाजवून झाले की नळीतली ओल पुसावी लागते; त्यासाठी दोरी बांधलेले मऊ फडके हवे असते. आम्ही ते आणायला विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी पेटाऱ्यात एक फडके घडी करून ठेवलेले दिसले. वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा होता, दोरीसकट.