सुटीतली मुले आणि शेजारची पेरणी



मे महिन्याच्या सुटीत आपली आठवी-नववीची मुले घरी असतात. त्यांच्या हाताला एक पुण्याचे काम द्या. गावात कर्ता माणूस गेलेले एखादे घर असते, एखादे म्हातारे जोडपे असते. घरचे सोयाबीन बियाणे तपासायला त्यांच्याकडे माणूस नसतो. बी उगवले नाही, की दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागते.

दोघा-दोघांनी अशा घरी जावे. पोत्यातून न निवडता 100 दाणे घ्यावेत. ओल्या गोणपाटावर 10-10 दाण्यांच्या 10 ओळी मांडून गुंडाळी करावी. ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. आठव्या दिवशी चांगले कोंब मोजावेत. 70 आले, तर एकरी 30 किलो बियाणे पुरते; 60 आले, तर 35 किलो लागते. त्याहून कमी आले, तर दुसऱ्या बियाण्याची सोय वेळेत पाहता येते.

बीजप्रक्रियेची औषधे मात्र मुलांच्या हाती देऊ नका. ते काम मोठ्यांचे.

आणि आलेला आकडा त्या घरातच सांगावा, पारावर नव्हे. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हेही मुलांना आपणच शिकवायचे.