सोढी गेले, दूध थांबलं नाही

नाखवा मंडळी, बडोदा डेअरी ज्या अमूल फेडरेशनची सभासद, तिथे ९ जानेवारी २०२३ ला अचानक बातमी: एमडी आर. एस. सोढी पायउतार! १९८२ पासून तिथेच, २०१० पासून एमडी. धक्काच होता. पण कारभार लगेच जयेन मेहतांकडे गेला. तेही तीस वर्षांवर तिथलेच. दूध गोळा होणं काही थांबलं नाही.

आपल्याकडे? डिझेल परताव्याची कागदं, बर्फाचा हिशेब, व्यापाऱ्यांकडची उधारी, सगळं मॅनेजरच्या डोक्यात. तो उद्या राजीनामा देऊन निघाला तर क्लार्क पोरगा कुठली फाईल उघडणार? बोटी काय किनाऱ्याला बांधून ठेवायच्या? १ ऑगस्टला हंगाम उघडायच्या आत मॅनेजरच्या हाताखाली एक जण बसवाच. कोणाला, ते कमिटीला सांगा.