शरीर, मन आणि स्मरण

आषाढी वारीला निघालेली तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत, वरवंड या गावांवरून पंढरपूरकडे जाते. शिरूर-दौंड भागातील कितीतरी वृद्ध वारी चुकवीत नाहीत. पावले टाळाच्या ठेक्यावर पडतात, मुखी पाठ अभंग असतात आणि चित्त विठ्ठलचरणी जडलेले असते. शरीर व मन एकाच वेळी कामाला लावणारा हा एक व्यायामच होय. योगासने आणि प्राणायाम हेही याच जातीचे व्यायाम आहेत.

वय वाढले म्हणजे विस्मरण होऊ लागते. चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येत नाही. मेंदूत दोन्ही बाजूंना नव्या आठवणी साठविण्यास साह्य करणारा एक लहानसा भाग असतो. उतारवयात तो हळूहळू आक्रसतो. परंतु अमेरिकेतील १२० वृद्धांवर केलेल्या एका प्रयोगात, वर्षभर नियमाने चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला.

मग मनाचे काय? जे लक्षपूर्वक ग्रहण केले नाही, ते पुढे आठवणार कसे? चिंतेने व्यग्र झालेले मन ऐकूनही ऐकत नाही. संथ श्वासाने व ध्यानाने ते स्थिरावते.

योगाची शास्त्रीय कसोटी घेण्याचे कार्य पुणे जिल्ह्यातच लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून आरंभिले. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगात, पंचावन्न वर्षांवरील काही जणांनी बारा आठवडे योग व ध्यान केले. इतरांनी स्मरणाचे पाठ गिरविले. शब्द ध्यानात ठेवण्याची शक्ती दोहोंचीही सुधारली. योग करणाऱ्यांची उदासीनताही कमी झाली. मात्र प्रयोगात माणसे पंचवीसच होती. तेवढ्यावरून कायमचा सिद्धान्त मांडता येत नाही.

व्यायाम हे सर्व विस्मरणावरचे औषध नव्हे. नेहमीची वाट चुकू लागली, घरची माणसे ओळखू येईनाशी झाली, तर तो आजार समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा. आजी-आजोबांनी तीच गोष्ट पुन्हा विचारली, तर त्यांना हिणवू नये. शांतपणे पुन्हा सांगावी, आणि सायंकाळी त्यांचा हात धरून चार पावले त्यांच्याबरोबर चालावे.