अर्धशिशी म्हणजे शहरातलं दुखणं नव्हे. बंगळुरूच्या पाहणीत खेड्यातच प्रमाण जास्त

सकाळी उठल्यापासून अर्धं डोकं ठणकतंय, उजेड सहन होत नाही, उलटी आल्यासारखं होतंय. घरचे म्हणतात, "पित्त झालंय." मग दुकानातून एक गोळी आणायची, डोक्याला फडकं आवळायचं आणि शेताकडे निघायचं. अनेक घरांतलं हे चित्र. पण दर वेळी ते पित्तच असतं असं नाही. ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन असू शकते.

किती जणांना होते?
जगात साधारण दर सात माणसांमागे एकाला मायग्रेन आहे. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या डॉक्टरांनी परदेशी संशोधकांसोबत बंगळुरू शहर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन १८ ते ६५ वयाच्या २,३२९ लोकांची पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेले सुमारे २५ टक्के निघाले, म्हणजे चारात एक. विशेष म्हणजे शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त होतं. त्यामुळे 'हे ऑफिसात बसणाऱ्यांचं दुखणं' हा समज खरा नाही.

ओळखायची कशी?
डोकं बहुतेक वेळा एका बाजूला ठणकतं. काम केलं, जिना चढला की दुखणं वाढतं. मळमळ होते किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. औषध घेतलं नाही तर हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं आणि पुन्हा पुन्हा येतं. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकतं. उपाशी राहणं, जागरण, ऊन, उग्र वास, पाळीचे दिवस यांनी दुखणं उठू शकतं.

गोळीच दुखणं वाढवते
महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं रोज दुखायला लागू शकतं. काही गोळ्यांना महिन्यातले १० दिवसही पुरतात. शिवाय अशा गोळ्यांपैकी बऱ्याच पोटाला आणि किडनीला त्रास देतात. म्हणून कॅलेंडरवर दोन खुणा करा: डोकं दुखलं तो दिवस आणि गोळी घेतली तो दिवस. तेच कॅलेंडर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. दुखणं वारंवार येत असेल तर ते येऊच नये म्हणून वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतात.

इथे थांबू नका
एकदम कधी नव्हे एवढं डोकं दुखलं, तापासोबत मान आखडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं, तर घरगुती उपाय नकोत. १०८ ला फोन करा. गरोदर बाईचं डोकं जोरात दुखत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं असेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि घरात कुणी डोकं धरून अंधारात पडलं असेल, तर 'कामाचा कंटाळा' म्हणू नका.