दशांशचिन्हाची जागा

वसंत ऋतूतल्या या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलले जाते, लोकशाहीवर बोलले जाते, अवकाशयानांवरही बोलले जाते. त्या मानाने आम्ही निवडलेला विषय अगदीच शाळकरी आहे. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार मुलांना कसा शिकवावा, एवढाच तो आहे. कामगार चळवळीतल्या माणसाला हा विषय का सुचावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. मजुरीचा दर, कामाचे तास, निधीची कपात आणि विम्याची वर्गणी या चारही गोष्टी आज दशांशात लिहिल्या जातात, आणि त्यांचा मेळ गुणाकारानेच बसतो. ज्याला हा गुणाकार येत नाही, त्याला आपल्या घामाची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. रविवारी सकाळी संघटनेच्या खोलीत कामगारांना व त्यांच्या मुलांना आम्ही हिशेब शिकवतो. त्या अनुभवातून सुचलेले येथे मांडत आहोत.

शाळेत नियम असा सांगतात : दशांशचिन्ह बाजूला ठेवून साध्या संख्यांप्रमाणे गुणाकार करा. मग गुण्य व गुणक यांत चिन्हाच्या उजवीकडे मिळून जितकी स्थळे असतील, तितकी उत्तरात उजवीकडून मोजा आणि तेथे चिन्ह द्या. नियम बिनचूक आहे. दोष नियमाचा नाही, क्रमाचा आहे. जे शेवटी यायचे ते आपण आधी सांगतो. मूल स्थळे मोजायला शिकते, पण ती का मोजायची हे त्याला ठाऊक नसते. म्हणून उत्तर दहापट चुकले तरी त्याला खटकत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे खटकले असते. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पया, म्हणजे रुपयाच्या १९२ पया, असा व्यवहार होता तेव्हा मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करावी लागे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे म्हणजे अपूर्णांकांचे गुणाकारच होत. पाऊणकीत आठला उत्तर सहा येते. गुणाकार केला आणि संख्या घटली, यात त्या मुलाला नवल वाटत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पुढे ‘नवे’ हा शब्दही गळून पडला. हिशेब फार सोपा झाला, ही मोठीच सोय झाली. सायमन स्टेव्हिन हा अँटवर्पमध्ये हिशेबनिसाचे काम केलेला गणिती. १५८५ साली त्याने दशांश अपूर्णांकांवर छोटे पुस्तक काढले आणि ते जमीन मोजणारे, कापड मोजणारे व व्यापारी यांना उद्देशून लिहिले. नाणी आणि मापेही दहाच्या पटीत असावीत, असे त्याने त्याच पुस्तकात सुचवले होते. तेव्हा दशांश ही पंडितांची चैन नव्हे, ती कष्टकऱ्यांची आणि बाजाराची गरज होती. पण आपल्याकडे दशमान पद्धत येताना पाढे गेले, आणि पाढ्यांबरोबर ‘गुणिले म्हणजे वाढलेच असे नाही’ ही समजही गेली. ती परत आणणे हे शिक्षकाचे पहिले काम आहे.

त्यासाठी गुणाकाराच्या आधी संख्या वाचायला शिकवावी. ०.२५ ही संख्या ‘शून्य दशांश पंचवीस’ अशी वाचली की मुलाला ती ०.३ पेक्षा मोठी वाटते, कारण पंचवीस हे तिनापेक्षा मोठे. तीच ‘दोन दशांश आणि पाच शतांश’ अशी वाचून घ्यावी, किंवा सरळ पैशांत सांगावी : एकीकडे पंचवीस पैसे, दुसरीकडे तीस पैसे. ३.५ रुपये म्हणजे साडेतीन रुपये, आणि ३.०५ म्हणजे तीन रुपये पाच पैसे, हा फरक पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग नियमाचे कारण दाखवावे. त्याला फळा आणि खडू पुरे. एक मोठा चौकोन काढून त्याच्या उभ्या दहा आणि आडव्या दहा पट्ट्या कराव्या. शंभर घरे झाली. संपूर्ण चौकोन म्हणजे एक. आता उभ्या तीन पट्ट्यांवर रेघा माराव्या, हे ०.३. आडव्या चार पट्ट्यांवर दुसऱ्या दिशेने रेघा माराव्या, हे ०.४. दोन्ही रेघा जेथे एकमेकींवर येतात ती घरे मुलांकडून मोजून घ्यावी. ती बारा भरतात. शंभरांतली बारा, म्हणजे ०.१२. दशांशाचा दशांश हा शतांश होतो, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले. दहांनी एकदा भागलेले, पुन्हा दहांनी भागलेले, म्हणून उत्तरात दोन स्थळे. स्थळांची बेरीज का करायची, हे आता सांगावे लागत नाही. मुले आपणच सांगतात. शिवाय चिन्हे एकाखाली एक लिहिण्याचा दंडक बेरजेपुरता आहे, गुणाकारात त्याची गरज नाही, हेही त्यांना पटते.

यानंतर अंदाज. आमच्या वर्गात अंदाज लिहिल्याशिवाय कोणालाही गुणाकार करू देत नाहीत. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावी मजुरी मीटरवर ठरते. समजा मीटरला ०.८५ रुपये दर आहे आणि विणलेले कापड १४२.५ मीटर आहे. मीटरला रुपया असता तर १४२ रुपये ५० पैसे मिळाले असते. पाऊण रुपया असता तर १०६ रुपये ८७ पैशांच्या जरा वर. तेव्हा उत्तर या दोहोंच्या मध्ये पडले पाहिजे. आता खुशाल १४२५ ला ८५ ने गुणावे. १,२१,१२५ येतात. एक स्थळ आणि दोन स्थळे मिळून तीन, म्हणून १२१.१२५, म्हणजे १२१ रुपये साडेबारा पैसे. कोणी १२.११२५ लिहिले, तर आकडे सगळे बरोबर आणि मजुरी मात्र एक दशांश. अंदाज ज्याने केला आहे त्याच्या हातून असे उत्तर पुढे जातच नाही.

शून्याच्या दोन खोड्या येथेच सांगून ठेवतो. ०.२५ ला ०.४ ने गुणताना पंचवीस चोक शंभर होतात. घाईचा मुलगा शंभरातली शून्ये आधी उडवतो आणि मग स्थळे मोजून ०.००१ लिहितो. आधी चिन्ह देऊन ०.१०० लिहावे, शून्ये मग सोडावी. उत्तर ०.१. आणि ते बरोबरच आहे, कारण ०.४ चा पाव हिस्सा ०.१ च असणार. दुसरी खोडी दहाने गुणण्याची. ‘दहाने गुणले की शून्य लावा’ हे पूर्ण संख्यांत चालते. २.५ ला शून्य लावून २.५० केले तर संख्या आहे तेथेच राहते. दहाने गुणताना प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो आणि उत्तर २५ येते. हे घरांचे कोष्टक काढून दाखवावे.

आता जेथे खरे नुकसान होते ती जागा. घड्याळ दशमान नाही. तासाची मिनिटे साठ असतात, शंभर नव्हे. जादा कामाला दुप्पट दर द्यावा, असा कायदा आहे. समजा साध्या तासाला ८० रुपये, म्हणजे जादा तासाला १६०. कामगाराने २ तास ४५ मिनिटे जादा काम केले. हजेरीच्या तक्त्यात ते २.४५ असे लिहिले जाते आणि तसेच गुणले जाते : ३९२ रुपये. वास्तविक ४५ मिनिटे म्हणजे ०.७५ तास. २.७५ ला १६० ने गुणले की ४४० होतात. एका पाळीत ४८ रुपये गेले. महिन्यात अशा आठ पाळ्या झाल्या तर ३८४ रुपये गेले. यात कोणी लबाडी केली असेलच असे नाही, पण पैसे गेले ते गेलेच. गंमत अशी की आपली मराठी येथे बिनचूक आहे. ‘पावणेतीन तास’ असे म्हटले की पाऊणकी आपोआप समोर येते. बोलीत जे ज्ञान आहे ते कागदावर उतरवणे, एवढेच शिकवायचे असते.

टक्केवारीतही असाच खड्डा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराची वर्गणी पूर्वी वेतनाच्या १.७५ टक्के होती, ती १ जुलै २०१९ पासून ०.७५ टक्के झाली. ०.७५ टक्के म्हणजे ०.७५ नव्हे, त्याला पुन्हा शंभराने भागून ०.००७५. वेतन १८,००० असेल तर वर्गणी १३५ रुपये. पूर्वीच्या दराने ती ३१५ झाली असती. अंदाज येथेही सोपा आहे : अठरा हजारांचा एक टक्का १८०, त्याचा पाऊण हिस्सा १३५. पुन्हा पाऊणकीच!

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, वेतनपत्रक संगणक छापतो, मग एवढा खटाटोप कशाला? यंत्र गुणाकार चोख करते, हे आम्हांला मान्य आहे. पण २.४५ घातले तर ते २.४५ नेच गुणते. ‘अहो, हे पावणेतीन तास ना?’ असे ते विचारत नाही. विचारायचे काम माणसाचे आहे. वेतनपत्रक घेऊन हिशेबनिसाच्या खिडकीशी उभे राहून ‘हा आकडा कसा आला?’ असे शांतपणे विचारणारा कामगार आम्हांला दहा घोषणांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याला कोणी अडाणी म्हणून परत पाठवू शकत नाही.

शिक्षकांना आणि पालकांना आमचे मागणे एवढेच आहे. मुलाने दशांशचिन्ह कोठे द्यायचे असे विचारले, तर लगेच स्थळे मोजून दाखवू नका. ‘उत्तर साधारण किती यावे, एकापेक्षा जास्त की कमी?’ असे त्यालाच विचारा आणि थोडे थांबा. तो विचार करू लागला की चिन्ह आपली जागा घेईल. नियम त्यानंतर सांगितला तरी चालेल.