समुद्री टाकी : आधी सोबती पारखा!

खाऱ्या पाण्यातील रंगीत मासे पाहून मुले हट्ट धरतात. पण एकमेकांना सांभाळून घेणारेच जीव आणावेत, नाहीतर कष्टाचा पैसा पाण्यात!

टाकी भरल्यावर ४ ते ६ आठवडे थांबावे. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच जीव सोडावेत. प्रथम गोगलगायी, मग क्लीनर कोळंबी, शेवटी क्लाऊनफिशची जोडी. ट्रिगरफिश कोळंबी खातात, डॅमसेल मासे नवागतांवर धावून जातात, त्यांना टाळावे.

माशांच्या आजारावर आम्ही तांब्याचे औषध टाकीतच घातले आणि कोळंबी गमावली. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

दगडी प्रवाळ घेऊच नयेत. २००१ पासून आपल्या देशात त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. घरच्या शोभेसाठी समुद्र ओरबाडू नये, हीच आमची विनंती.