माळ्यावरचे गाठोडे

एरवी मी आपल्याशी बोलतो ते बोंडअळीविषयी, ठिबकविषयी, फार तर माती परीक्षणाविषयी. आज मात्र घरातल्या एका वेगळ्याच किडीविषयी बोलायचे आहे. ती आपल्या माळ्यावर, कोठीमागे, देवळीत लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या जुन्या कागदांना लागते. वाळवी, कसर आणि उंदीर ही तिची तीन रूपे. चौथे रूप म्हणजे आपण स्वतः.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. 1992 साली मी बी.एस्सी. (कृषी) होऊन घरी आलो. अंगात नवे ज्ञान सळसळत होते. घरामागे शास्त्रशुद्ध कंपोस्टचा खड्डा खणला आणि त्यात घालायला घरभर काडीकचरा शोधू लागलो. माळ्यावर आजोबांच्या वेळचे एक गाठोडे होते. सोडून पाहिले तर पिवळे, जाड कागद आणि त्यावर साखळीसारखी लिपी, एक अक्षर वाचता येईल तर शपथ! वडील शेतावर होते, विचारले कोणाला? सगळे गाठोडे शेणकाल्यात बुडवून थर दिला. खत उत्तम झाले, कांदाही चांगला आला. वडिलांना समजले तेव्हा ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "त्यात आपल्या विहिरीचा कागद होता." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. पुढे मी पुष्कळ कंपोस्ट खड्डे करून घेतले, पण प्रत्येक खड्ड्याच्या वेळी ते वाक्य आठवते.

हे सांगण्याचे कारण धुळे. शहराचे नाव घेताच कोणाला लोणी आठवेल, कोणाला कापूस. पण इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावी देह ठेवला. हा माणूस महाराष्ट्रभर गावोगाव हिंडला, बहुतेक पायी. स्वतःच्या हाताने रांधून खायचे आणि वाड्यावाड्यांतून, देवळांतून, वाण्यांच्या दुकानांतून जुनी दप्तरे मागून आणायची, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाचे 22 खंड निघाले. पहिला 1898 सालचा. त्यात 1750 ते 1761 पर्यंतची, म्हणजे पानिपताच्या काळातली पत्रे आहेत आणि ती मिळाली वाईला, एका घरातल्या जुन्या कागदांत. त्या घरच्या कोणी माझ्यासारखा खड्डा खणला असता तर?

राजवाड्यांनी 1910 साली पुण्यात खंडेराव मेहेंदळे यांच्याबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. ते मंडळ आजही आहे, तिथे लाखोंनी कागद जपून ठेवलेले आहेत आणि मोडी शिकवण्याचे वर्गही भरतात. राजवाडे गेल्यावर धुळ्याच्या मंडळींनी 1927 साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. भास्कर वामन भट हे त्यातले प्रमुख. राजवाड्यांचे कागद, हस्तलिखिते, खानदेशात सापडलेल्या मूर्ती, नाणी, ताम्रपट असा संग्रह तिथे जमला. 'संशोधक' नावाचे नियतकालिकही मंडळाने चालवले. धुळ्याला बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला गेलात, तर तासभर काढून तिथे डोकावून या. मुलांना बरोबर न्या. आपल्या नांगराच्या फाळाला लागलेला दगड काय असू शकतो, हे त्यांना तिथे कळेल.

आता मुद्द्यावर येतो. काही वर्षांपूर्वी मंडळ कृषी अधिकारी म्हणून मी पांझरा नदीकाठच्या एका गावात पीक पाहणीला गेलो होतो. तिथे दोघा भावांची वाटणी चालू होती. धाब्याचे जुने घर पाडून दोन स्लॅबची घरे बांधायची होती. ओसरीवर त्यांची आई बसली होती आणि तिच्यापुढे तसलेच एक गाठोडे. मी हात लावताच ती म्हणाली, "साहेब, हाई काय कामनं शे?" आणि शेजारच्या चुलीकडे बोट दाखवले. आदल्या पावसाळ्यात सरपण ओले होते, तेव्हा अर्धे कागद जाळ धरायला गेले होते. मी म्हटले, "माय, उरलेले मला आठ दिवस द्या." धाकटा मुलगा लगेच सावध झाला. "त्यात जमिनीचं काही निघालं तर?" धास्ती खोटी नव्हती. वाटणीच्या दिवसांत जुना कागद म्हणजे जिवंत सापच. शेवटी थोरल्याने प्रत्येक कागदाचा फोनवर फोटो काढला, कागद मोजून दिले आणि माझ्याकडून पोच लिहून घेतली. बरोबर केले त्याने.

मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे आम्ही ते घेऊन गेलो. बहुतेक कागद धान्याचे हिशेब निघाले. पण चारपाच बंद एका महजराचे होते. महजर म्हणजे गावच्या लोकांनी एकत्र बसून, साक्षी घेऊन लिहिलेला निवाडा. तंटा होता फडाच्या पाण्याचा. आपल्या भागातील फड पद्धत जुन्या माणसांना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी दोन शब्द लिहितो. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांखाली फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी ते पाळीने बदलायचे. पाणी द्यायला पाटकरी, त्याच्यावर देखरेखीला हवालदार, पिकाची राखण करायला जागल्या. पाणी कमी पडले तर झळ सर्वांनी मिळून सोसायची. आज आम्ही पाणीवापर संस्थांच्या सभांत जे समजावून सांगत असतो, ते इथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे कोणी न शिकवता चालवले. पांझरा आणि मोसम नद्यांवरचे ते बंधारे पाहिले की मला माझ्या पदवीचा फारसा गर्व वाटत नाही.

तर त्या महजरात कोणाचा पाट कोणी फोडला, पाटकऱ्याला किती धान्य द्यायचे ठरले, कोण साक्षीला आले, सगळे होते. खाली निशाण्या होत्या. लिहिता न येणारे लोक त्या काळी अंगठा उठवीत नसत, आपल्या धंद्याचे अवजार काढीत. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, परिटाची मोगरी, चांभाराची आरी. एका नांगराशेजारी या भावांच्या घराण्यातले नाव होते. गुरुजींनी ते वाचून दाखवले तेव्हा वाटणीवरून महिनाभर एकमेकांशी न बोललेले ते दोघे भाऊ कागदावर एकदमच वाकले.

आणि निवाडा काय झाला? ते कळले नाही. शेवटचा बंद नव्हता. तो चुलीत गेला होता.

सालाचीही एक गंमत सांगतो. या कागदांवर इसवी सन नसते. साल असते शुहूर सनाचे आणि तेही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून 1161. त्यात 599 मिळवले की 1760 येते, कारण ते साल 1760 च्या पावसाळ्यात सुरू होऊन 1761 च्या उन्हाळ्यात संपले. पानिपताचे युद्ध त्याच सालातले. आणि हे वर्ष सुरू कधी होत असे? सूर्य मृग नक्षत्रात गेला की! शेतकऱ्याचे वर्ष पाडव्याला नव्हे, मृगाला सुरू होते, हे त्या राज्यकर्त्यांनाही पटलेले होते. वसूल पिकातूनच यायचा होता ना.

तेव्हा घर पाडताना, वाटणी करताना, दिवाळीची साफसफाई करताना गाठोडे दिसले तर ते आधी बाजूला काढा. उन्हात पसरू नका, कागद तडकतात. सावलीत, वाऱ्याला ठेवा. चिकटपट्टी लावू नका, फाटलेले तसेच राहू द्या. हौसेने लॅमिनेशन करतात, ते तर मुळीच नको. कोऱ्या सुती फडक्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवून बांधा आणि पत्र्याची पेटी भिंतीपासून दूर, विटांवर ठेवा. आणखी एक, आणि हे कृषी खात्याचा माणूस म्हणून बजावून सांगतो: धान्यातल्या किडीसाठी मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कागदाच्या पेटीत टाकू नका, कीटकनाशकाची भुकटीही फवारू नका. त्या गोळ्यांच्या वायूने माणसे दगावतात. कागदापेक्षा लेकरे मोलाची.

कागद कोणाला दाखवताना मोजून द्या, फोटो काढून ठेवा, पोच घ्या. संशोधन मंडळाला मूळ कागद द्यायचा की नक्कल, हे घरच्यांनी मिळून ठरवावे. दिलाच पाहिजे अशी कोणाची जबरदस्ती नाही. रद्दीवाल्याला किंवा शहरातून येणाऱ्या 'जुने घेणाऱ्या'ला मात्र किलोवर देऊ नका.

दगडांचेही तसेच. बांधावर किंवा मारुतीच्या देवळापाशी तीनचार चौकटी कोरलेला उभा दगड असेल तर तो वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, तिथे गाई कोरलेल्या असतील तर गुरे सोडवताना कोणी मेला असे समजा. वर अप्सरा त्याला नेताहेत, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. अशा दगडावर कपडे धुतलेले मी पाहिले आहेत. गावच्या पोरांनी ते उभे करून स्वच्छ करायचे मनावर घेतले तर चांगलेच, फक्त अ‍ॅसिड आणि ऑइलपेंट नको. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

नांगरताना तांब्यापितळेचे काही निघाले तर? 1974 साली नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, सगळे ओतीव काम, वजन मिळून साठेक किलो. हजारो वर्षांपूर्वीचे. मोडीत गेले असते तर देशाला त्यांची माहितीही झाली नसती. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा 1878 चा कायदा आहे. खबर न देणे हा गुन्हा. खबर देणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्कही त्याच कायद्यात सांगितला आहे. म्हणून रात्रीतून सोनाराकडे पळू नका, तहसील कचेरीत अर्ज द्या आणि अर्जाच्या नकलेवर शिक्का घ्या.

त्या दोघा भावांचे काय झाले, असे आपण विचाराल. वाटणी झाली, घरे झाली. गाठोडे कोणाकडे राहायचे यावरून पुन्हा थोडे वाजले. थोरला म्हणे मंडळाला देऊ, धाकटा म्हणे घरचे घरात राहू दे. शेवटी मायने निकाल दिला. ती आहे तोवर पेटी तिच्या खाटेखाली राहील आणि फोटो दोघांकडे. परवा त्या गावी गेलो तेव्हा तिने पेटी ओढून दाखवली. विटा खाली घातल्या होत्या. वेखंड तिने स्वतः बाजारातून आणले होते. "सरपण ओलं होतं ना साहेब," ती मला म्हणाली, विचारले नसताना.